आंबर्डेकर सरांचं ‘तेच ते’

आंबर्डेकर सरांनी माझ्या थालीपिठाला तीन तारे दिले होते. डबा माझा, भूक माझी, रविवारची सुटीही माझीच. पण मधल्या वेळेत ते वर्गातून फिरत आले, न विचारता एक तुकडा मोडला, डोळे मिटून चावला आणि म्हणाले, "तीन. लोणी असतं तर चार. पाचवा मिळणार नाही, कारण हे कशाशीच जोडलेलं नाही."

जोडलेलं असणं ही त्यांची जग मोजायची एकमेव फूटपट्टी होती. ग्रंथालय आणि माहितीशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला ते ‘जोडलेली खुली विदा’ हा विषय शिकवायचे. जग त्याला लिंक्ड ओपन डेटा म्हणतं, आम्हीही जिन्यात तेच म्हणायचो. वर्गात डेटा म्हटलं की सर कानांवर हात ठेवायचे. या शास्त्रात माहिती किती खुली आहे ते सांगायला एक ते पाच ताऱ्यांची पद्धत आहे. इंटरनेटवर कुणालाही वापरायला मोकळी ठेवली तर एक तारा. चढत चढत, जगातल्या इतरांच्या माहितीशी जोडली की पाच. पद्धत चांगली आहे. थालीपिठासाठी ती केलेली नाही, एवढंच.

सर चहाला तारे द्यायचे, शिपायाच्या सलामाला द्यायचे, पनवेलच्या रस्त्यांना द्यायचे (अर्धा). स्वतःच्या भाषणाला देत नसत. तिथे पाच गृहीत होते.

मी नवीन पनवेलच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. बढतीसाठी पदव्युत्तर पदवी लागेल असं पत्र आलं, म्हणून चव्वेचाळिसाव्या वर्षी दोन वर्षांचे रविवार काढून दिले. सुकापूरहून निघायचं, पोळीभाजी करून, टँकरचं पाणी भरून, दहाला अभ्यासकेंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर. वर्गात आम्ही अकरा जण. त्यांत पस्तिशी उलटलेल्या बायका दोन: मी आणि सुगंधा म्हात्रे. सुगंधा माझ्यापेक्षा वीतभर उंच, दणदणीत आवाजाची. मी बुटकी, चष्मेवाली, कर्णिक. सरांच्या लेखी मात्र आम्ही दोघी म्हणजे एकच बाई, जी कधी पहिल्या बाकावर बसते आणि कधी तिसऱ्या. दोघींना ते ‘म्हात्रे’च म्हणायचे.

"सर, मी कर्णिक," असं मी पहिल्या महिन्यात चार वेळा सांगितलं. चारही वेळा उत्तर एकच आलं.

"तेच ते."

हे त्यांचं आवडतं वाक्य. दोन पुस्तकांच्या आवृत्त्या वेगळ्या आहेत म्हटलं, तेच ते. स्वतःसाठी चहा सांगितला होता आणि कॉफी आली, तर ती परत पाठवायचे. पण कॉफी सांगणाऱ्याला चहा मिळाला, तर तेच ते.

दिसायला माणूस रुबाबदार. पनवेलच्या घामातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. गळ्यात निळ्या पट्टीचं ओळखपत्र. ते आमच्या केंद्राचं असेल असं मला आधी वाटलं होतं. जवळून पाहिलं तेव्हा कळलं, सर काही वर्षांपूर्वी परदेशात एका परिषदेला गेले होते, त्या परिषदेचं होतं ते. दोन दिवसांच्या परिषदेचं ओळखपत्र माणूस दर रविवारी घालून येत होता. त्यावरचा फोटो फिकट होऊन नुसता चष्मा उरला होता.

पट्ट्याला तीन किल्ल्या. एक स्टीलच्या कपाटाची, दुसरी त्या कपाटातल्या कप्प्याची, तिसरी कसली ते कुणालाच माहीत नव्हतं. खुलेपणावर बोलताना सर फेऱ्या मारायचे आणि किल्ल्या वाजायच्या. "माहिती ही वाऱ्यासारखी. दारं उघडा! येऊ द्या!" छळ्‌छळ्. "ज्ञान कुलुपात ठेवणारा माणूस हा गुन्हेगार समजा." छळ्‌छळ्. हे सांगताना पडद्यावर जी पानं दाखवत त्यांतल्या प्रत्येक पानावर त्यांचं नाव तिरकं, मोठ्या करड्या अक्षरांत छापलेलं असे, आणि मजकूर त्याच्या मागून डोकावून बघे. ती पानं आम्हाला पाठवली तेव्हा फाइलला पासवर्ड होता. पासवर्ड मागितला तर म्हणाले, "पुढच्या आठवड्यात." दोन वर्षांत तो आठवडा आला नाही.

जुने प्रबंध त्या कपाटात असायचे. मला एकदा संदर्भसूची कशी मांडतात ते बघायचं होतं. सरांनी कपाट उघडलं, कप्पा उघडला, प्रबंध काढला, स्वतःच्या हातात धरला आणि स्वतःच पानं उलटायला लागले. मी मान तिरकी करून वाचत होते.

"झालं?"

"सर, हे एक पान झेरॉक्सला मिळेल का?"

"म्हात्रे, खुलं म्हणजे कुणी उचलून न्यावं असं नव्हे."

अकरा चाळीस ते अकरा एकोणपन्नास. माझ्या डायरीत नोंद आहे. मी याद्या करणारी बाई आहे. वेळा लिहून ठेवते.

आता एक गोष्ट लिहिली नाही तर माझी यादी खोटी ठरेल. या माणसाने एक व्याख्यान उत्तम दिलं. पहिलंच. खिशातून लोकरीचा गुंडा काढला आणि आम्हा अकरा जणांच्या हातांत तो फिरवत नेला. कुणाला म्हणाले तू पुस्तक, कुणाला तू लेखक, तू गाव, तू छापखाना. मग दोघांमधला धागा धरून विचारायचे, "हा धागा काय सांगतो?" आणि आम्ही सांगायचं: या पुस्तकाचा लेखक हा. या लेखकाचं गाव हे. तीन शब्दांची साधी वाक्यं. यंत्राला एवढंच कळतं, ते म्हणाले. म्हणून प्रत्येक माणसाला, पुस्तकाला, गावाला आपला असा एक कायमचा पत्ता द्यायचा आणि पत्त्यापत्त्यांत धागे बांधायचे. मग ते वाक्य बोलले, जे मी त्याच दिवशी वहीत चौकट करून लिहिलं: "दोन माणसांना एक पत्ता दिलात तर एकाला मारलंत. एका माणसाला दोन पत्ते दिलेत तर त्याचे तुकडे केलेत. म्हणून हा तोच आहे असं म्हणण्यापूर्वी दहा वेळा विचार करा."

वाक्य त्यांचं आहे. मी ते त्यांच्या नावावर लिहिते आहे. सरांनी स्वतः ते फक्त वर्गात बोलायला ठेवलं होतं.

सुगंधाचं गाव विमानतळात गेलं. आता त्या जागेवरून विमानं उडतात. घरं मोडायच्या आधीचे सहा महिने ती दारोदार फिरली आणि लोक टाकून देत होते ते गोळा केलं: फोटो, नाटकांची हस्तपत्रकं, भजनी मंडळाची हजेरीवही, बायकांच्या हळदीच्या गाण्यांच्या वह्या. साड्यांच्या दुकानाच्या पिशव्यांत भरून ते तिच्या नव्या घरी माळ्यावर पडलं होतं. त्याचीच जोडलेली खुली विदा करायची, हा तिचा प्रबंध.

त्या वह्यांतली चाळीसेक गाणी तिच्या आजाची होती. आजा मिठागरावर कामाला होता, ढोलकी वाजवायचा आणि हळदीची गाणी रचायचा. ‘मिठाच्या राशीवर चांद उतरला गो’ हे त्यातलं एक. पनवेल-उरणकडच्या कुठल्याही हळदीत ते आज डीजेच्या भिंतीतून छाती हादरेपर्यंत वाजतं, आणि मोबाइलवर बघाल तर गीतकार म्हणून लिहिलेलं असतं, ‘पारंपरिक’.

"ताई," जिन्यात डबा खाताना ती मला म्हणाली होती, "डिग्री भेटली तर चांगलंच हाय. पण आजाच्या गाण्याखाली आजाचं नाव आलं पायजे. ‘पारंपरिक’ नावाचा कुणी माणूस आमच्या गावात नव्हता."

तिची कामाची पद्धत मी पाहिली आहे, कारण दोन रविवार मी तिच्यासोबत नव्या वसाहतीत गेले. म्हाताऱ्या बायका ओटीवर बसायच्या. सुगंधा फोटो पुढे करायची. "हा कोन, मावशे?" मावशी लाजायची, पदर तोंडाला लावायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासऱ्याचं तर नाहीच. मग सुगंधा एकेक नाव म्हणायची आणि मावशी मान हलवायची. होकार आला की लिहायचं. आणि त्यात आणखी एक भानगड होती. त्यांच्यात नातवाला आजाचं नाव ठेवतात. धर्माचा मुलगा गोमा, गोमाचा मुलगा पुन्हा धर्मा. म्हणजे आजा धर्मा गोमा म्हात्रे आणि नातूही धर्मा गोमा म्हात्रे. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच. घरातल्या सुनेला तर पोराला हाकही मारता येत नाही, कारण पोराचं नाव म्हणजे सासऱ्याचं नाव. म्हणून प्रत्येक पोराला एक घरातलं नाव असतं. सुगंधाच्या भावाला तिच्या आईने जन्मात ‘धर्मा’ म्हटलं नाही. तो बाळ्या, आता रेती-खडीच्या धंद्यातला. आजा गावात ‘ढोलक्या’.

म्हणून सुगंधाने तिच्या तक्त्यात एक रकाना केला होता: ‘घरातलं नाव’. तीनशेच्या वर माणसं, आणि प्रत्येकापुढे ते नाव, ओटीवर बसून विचारलेलं. ढोलक्या, बाळ्या, होडीवाला, मधला, गोऱ्या. याद्या करण्यात मी कुणाला हार जात नाही. पण हा रकाना बघून मी माझी डायरी मिटून ठेवली.

सरांनी तो दहा सेकंदांत काढला.

"हे काय आहे?"

"सर, घरातली नावं. त्याच्यावरून माणूस ओळखता येतो."

"टोपणनावं? म्हात्रे, हे शास्त्र आहे, बारसं नाही. मानकात हा रकाना बसत नाही." टक्. रकाना गेला.

रकाना जाण्याचं खरं कारण वेगळं होतं. दुसऱ्या कुठल्यातरी केंद्राच्या प्रकल्पात म्हणे आमच्यापेक्षा जास्त दुवे, म्हणजे नोंदींमधले धागे, होते, आणि सरांना ते झोंबलं होतं. दुवे वाढवायचा सोपा उपाय त्यांनी शोधला, आणि घरातलं नाव त्याच्या आड येत होतं. दोन नोंदींत नाव, बापाचं नाव, आडनाव आणि गाव असं चारही जुळलं की ‘हा तोच’ अशी जोड यंत्राकडून आपोआप मारून घ्यायची, आणि मग त्या माणसाला बाहेरच्या मिळतील तेवढ्या याद्यांशी जोडायचं: व्यापाऱ्यांच्या, संस्थांच्या, सभासदांच्या. एका रविवारी हजारभर दुवे झाले. सर खूश. सुगंधाने आपली माणसं तपासली आणि तशीच उठून त्यांच्या टेबलापाशी गेली. मी मागेच होते.

"सर, चुकलंय. आजा आणि भाऊ एक झालेत."

"चार गोष्टी जुळतात म्हात्रे. आणखी काय हवं?"

"सर, आमच्यात नातवाला आजाचं नाव ठेवतात."

"सगळीकडेच ठेवतात."

"तसं नाय सर. धर्माचा गोमा, गोमाचा धर्मा. नाव पूर्णच्या पूर्ण तेच येतं. गाव पण तेच."

"मग? तेच ते!"

त्यांना आपण विनोद केल्यासारखं वाटलं असावं, कारण ते हसले. सुगंधा हसली नाही. तेव्हा त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि सांगून टाकलं: प्रबंध जोडलेल्या दुव्यांसकट जाईल, नाहीतर मार्गदर्शकाची सही होणार नाही. पुढच्या वर्षी बघू.

मी व्यवहारी बाई आहे. मी तिला खाली चहाच्या टपरीवर सांगितलं, आधी सही घे, पदवी हातात येऊ दे, मग निवांत दुरुस्त कर. तळोजाच्या कंपनीत ती नोंदींच्या कामाला होती. पदवी मिळाली तर तिथून सुटून ग्रंथालयात लागायची तिला आशा होती, आणि एक वर्ष म्हणजे थोडं नव्हे.

"ताई," ती म्हणाली, "तुमच्या आजोबांना कुणी खडीवाला केलं असतं, तर तुम्ही घेतली असती सही?"

मी चहाचा कप तेवढा उचलून ठेवला.

तिने सही घेतली नाही. प्रबंध कपाटात गेला, आतल्या कप्प्यात. जोडलेली विदा मात्र सरांच्या संगणकावर तशीच राहिली.

सरांची आणखी एक सवय सांगायची राहिली, ती पुढे उपयोगी पडते. या शास्त्रात प्रत्येक जोडीच्या मागे ती कुणी केली, केव्हा केली, याची नोंद राहते. चांगली सोय आहे. सरांनी मात्र वर्गातल्या सगळ्यांच्या कामावर, आम्ही रात्रंदिवस खपून भरलेल्या प्रत्येक ओळीवर, कर्ता म्हणून स्वतःचं नाव घालून ठेवलं होतं. एका मुलाने विचारलं तर म्हणाले, "मार्गदर्शक म्हणजे कर्ताच. तेच ते."

मार्चमध्ये केंद्रात चर्चासत्र झालं. सभागृह भरलं होतं. बाहेरून एक बाई आल्या होत्या, त्याच वर्षाच्या आमच्या बाह्य परीक्षक. पांढरे केस, सुती साडी, कमी बोलणाऱ्या. आणि स्थानिक पाहुणा हवा म्हणून सरांनी एका उद्योजकाला बोलावलं होतं. सुकापूरच्या निम्म्या इमारतींना ज्याची रेती-खडी लागली आहे तो. श्री. धर्मा म्हात्रे. सुगंधाचा भाऊ. दोघांचं आडनाव म्हात्रे, दोघंही एकाच गावचे; पण सर्वांना सर्वांशी जोडणाऱ्या सरांना, सुगंधाने भावाचं सांगूनही, हा तिचाच भाऊ असेल का, हे विचारायचं सुचलं नव्हतं.

शाल, श्रीफळ, गुच्छ झालं. भाऊ सपत्नीक पुढच्या रांगेत. सर उठले, वाऱ्याचं वाक्य म्हटलं, किल्ल्या वाजल्या, आणि म्हणाले, "आता आपल्या मातीतलंच एक उदाहरण प्रत्यक्ष दाखवतो." त्यांनी गाणं शोधलं: मिठाच्या राशीवर. गाण्यावरून गीतकारावर गेले. पडदाभर एक फोटो उघडला. काळा चष्मा, गळ्यात सोन्याची साखळी, मागे पिवळा जेसीबी. खाली लिहिलेलं: धर्मा गोमा म्हात्रे. मिठागर कामगार, ढोलकीवादक, गीतकार, रेती व खडी पुरवठादार. वडील गोमा. मुलगा गोमा, म्हणजे वडीलच. आजोबा: धर्मा गोमा म्हात्रे, म्हणजे तो स्वतःच. पत्नी दोन. आणि मृत्यूचं साल.

चार पिढ्या, माणसं दोन. सरांनी खानदान आटोपून टाकलं होतं.

सभागृहात आधी कुणाला कळलं नाही. मग पुढच्या रांगेतून आवाज आला.

"ओ सर! मी मेलो कवा?"

हशा फुटला. त्यात वहिनींचा आवाज सगळ्यांच्या वर.

"ते र्‍हाऊ द्या. आदी ही दुसरी बायको कोन ते सांगा!"

"आगो, आजी हाय ती!" भाऊ ओरडला. "माजी आजी!"

लोक बाकांवर हात आपटून हसत होते. सर हसले नाहीत. त्यांनी शांतपणे हात वर केला, आवाज उतरल्यावर मनगटाचं बटण तपासलं आणि म्हणाले, "ही विदा एका विद्यार्थिनीने भरलेली आहे. ग्रामीण भागातून येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून अशा चुका होतात. आपण सांभाळून घ्यायला हवं. म्हात्रे, उभ्या राहा."

बोट माझ्याकडे होतं.

मी उभी राहिले नाही. माझ्या मागच्या रांगेत सुगंधा उभी राहिली.

परीक्षक बाईंनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, मग सरांच्या बोटाकडे. उठून संगणकापाशी गेल्या. "हा तोच, अशी जोड केलेली दिसते आहे. ती कुणी केली ते यात कळतं ना? तुमच्याच व्याख्यानात होतं आत्ता."

"कळतं, पण मॅडम, तो तांत्रिक भाग—"

बाईंनी ते पान उघडलं. कर्ता: डॉ. वि. ग. आंबर्डेकर. त्याखालच्या ओळीचा कर्ता: डॉ. वि. ग. आंबर्डेकर. बाई पान सरकवत राहिल्या. मोजायची सवय असल्यामुळे मी मोजलं: चौदा पडदे. प्रत्येक ओळीला तेच एक नाव. विद्यार्थिनीचं कुठेही नाही. कसं असेल? सरांनीच ठेवलं नव्हतं.

"भरली तुमच्या विद्यार्थिनीने, आणि नाव सगळीकडे तुमचं?" बाईंनी विचारलं.

सरांना आयुष्यात पहिल्यांदा ‘तेच ते’ म्हणता आलं नाही.

बाई सुगंधाकडे वळल्या. "तुमच्याकडे वेगळी नोंद आहे का?"

सुगंधाने पिशवीतून वही काढली. साध्या दोनशे पानी वहीत आखलेले रकाने. ती वही हातोहात पुढे गेली. बाईंनी चष्मा वर केला आणि वाचलं: "धर्मा गोमा म्हात्रे, घरातलं नाव ढोलक्या. धर्मा गोमा म्हात्रे, घरातलं नाव बाळ्या." मग पडद्याकडे बोट केलं. "हा रकाना यातून कुणी काढून टाकला?"

सरांनी किल्ल्या मुठीत धरल्या.

तेव्हा भाऊ उठला. खांद्यावर सरांनी घातलेली शाल तशीच होती. आता तो हसत नव्हता. पडद्यावरच्या आपल्या फोटोकडे बघून म्हणाला, "मॅडम, यो फोटो काडा. नाव मला दिलंय त्याचं. गानी नाय दिली."

प्रबंध झाला. बाईंनी सुगंधाची तोंडी परीक्षा सव्वा तास घेतली आणि रकाना परत घालायला सांगितला. आज त्या गाण्याखाली नाव आहे: धर्मा गोमा म्हात्रे (ढोलक्या). भावाचीही वेगळी नोंद आहे, फोटो देणारा म्हणून. वहिनींनी ती स्वतः तपासून घेतली. पत्नी एकच आहे ना ते बघायला. सुगंधा आता पेणच्या बाजूला एका ग्रंथालयात आहे.

आणि सर? सरांनी सही केली. मोठी, रेघ ओढून. वर्षअखेरीस केंद्राच्या अहवालात त्यांचा लेख आला. स्थानिक नामपरंपरेचा विचार करणारी ओळखपद्धत. घरातल्या नावाचा स्वतंत्र रकाना ठेवावा अशी त्यात शिफारस होती. लेखक एकच. खाली आभारांच्या यादीत परिषदेच्या आयोजकांपासून टंकलेखकापर्यंत सगळे होते. सुगंधा नव्हती. मी ती यादी दोनदा तपासली. मला वाटलं होतं माणसाला थोडी तरी लाज वाटली असेल. वाटली असती तर अहवाल तरी कपाटात ठेवला असता. तो मात्र त्यांनी सगळ्यांना पाठवला, पासवर्डशिवाय.

त्यानंतर ते निवृत्त झाले आणि आमचा संबंध संपला.

गेल्या नोव्हेंबरात मी सासूबाईंना घेऊन बँकेत गेले होते, हयातीच्या दाखल्यासाठी. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दर वर्षी आपण जिवंत आहोत हे सांगायला जावं लागतं. माझ्या यादीत त्या दिवशी सात कामं होती, हे तिसरं. सासूबाईंचा अंगठा पहिल्याच वेळी लागला. त्या खुर्चीवरून उठल्या आणि पुढच्या माणसाने पुढे येऊन मनगटाचं बटण सोडलं.

गळ्यात निळी पट्टी नव्हती. किल्ल्या होत्या, तीनही.

"काका, अंगठा नीट दाबा," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "मशीनला तुम्ही सापडत नाही."

सरांनी अंगठा शर्टाला पुसला, काचेवर ठेवला. लाल दिवा. दुसरा अंगठा. लाल दिवा. मागची रांग चुळबुळायला लागली. "उद्या येता का काका?" मुलीने विचारलं. "आज नाही घेत आहे."

"मी समोर बसलोय," सर म्हणाले. "तुम्हाला दिसतोय ना?"

"मला दिसताय हो. मशीनला दिसायला पायजे."

इकडेतिकडे बघताना त्यांची नजर माझ्यावर आली. चेहरा उजळला. ओळखीचं माणूस सापडल्यावर उजळतो तसा.

"अगं म्हात्रे! बरं झालं भेटलीस. सांग हिला, मी कोण ते. तुझ्या त्या आजोबांच्या प्रबंधाला मी पाच तारे दिले होते, आठवतं ना?"

सासूबाईंची काठी माझ्या हातात होती. यादीत अजून चार कामं होती. तरीही मी थांबले, कारण हे एकदा नीट सांगून व्हायला हवं होतं.

"नाही सर," मी म्हटलं. "मी ती नव्हे."

"तेच ते," सर म्हणाले, आणि अंगठा पुन्हा काचेवर ठेवला.

लाल दिवा लागला.